दहा थेंबांचं व्रत

"बुवानू, ह्या तेल घेतलंय तर व्रत मोडतला काय?"

"मोडतं," पद्माकर म्हणाला.

प्रश्न त्याला नव्हता. विचारणाऱ्या बाईचं तोंड केवळबुवांकडे होतं. पण बुवा मठाच्या होडीत उकिडवे बसून करवंटीने पाणी उपसत होते. त्यांनी मान वर केली नाही.

खाडीवर दुपार कलत होती. मठ म्हणजे सारवलेल्या दोन खोल्या, एक तुळस आणि पलीकडच्या तीरावरच्या भाविकांना आणणारी ही होडी. बुवा इथे चाळीस वर्षं होते. पद्माकर तीन वर्षांपूर्वी घाटावरून आलेला शिष्य. विद्वान, नेमाचा. संध्या कधी चुकली नाही, पहाटेची आंघोळ कधी चुकली नाही.

बाई गाबितवाडीतली, द्वारका. कडेवर आठ महिन्यांची पोर. मागे सासू भागीरथी, हातात काळपट बाटली.

पद्माकरने उपरण्याचं टोक नाकाशी नेलं. वाडीतलं कुणी आलं की त्याचा हात आपोआप तिकडे जाई.

"बाटलीत काय आहे गो?" बुवांनी विचारलं.

"मोरयेच्या काळजाचा तेल," म्हातारी म्हणाली. "दवाखान्यातल्या डॉक्टरीणबायन दिल्यान."

मोरी म्हणजे मुशी, तो दातांचा मोठा मासा. काळीज म्हणजे त्याचं यकृत.

"ऐकलंत ना महाराज?" पद्माकर म्हणाला. "माशाचं तेल म्हणजे मासाच."

"तूप म्हणजे गाय का रे?"

"गाय जिवंत राहते, महाराज. मासा राहत नाही."

बुवांचा हात थांबला.

"हे मात्र खरं," ते म्हणाले. "अगदी खरं…"

आणि पुन्हा पाणी उपसू लागले.

चातुर्मास सुरू झाला तेव्हा पद्माकर वाडीत गेला होता. देवळाच्या पायरीवर उभं राहून त्याने बायांना सांगितलं होतं, चार महिने मासे सोडा. पुरुष समुद्रावर जातात, त्यांचं राहू दे. तुम्ही सोडा. देव पावेल.

आणि बायांनी सोडले होते. सगळ्याच बायांनी. मासे धरणाऱ्यांच्या वाडीत असं कधी झालं नव्हतं. पद्माकरला त्याचा मोठा संतोष होता.

"दुखतंय काय तुझं?" बुवांनी द्वारकेला विचारलं.

"दुखणा काय नाय. सांजवेळेक दिसणा नाय."

"अजिबात?"

"दिवसा सगळा दिसता. दिवो लावची वेळ झाली काय संपला." तिने पोरीला दुसऱ्या कडेवर घेतलं. "परवा हिका खाली ठेवलंय, चूल पेटवक गेलंय. मागे फिरलंय तर… रडता तां ऐकूक येता, बुवानू. पण हाताक गावणा नाय."

बुवांनी करवंटी खाली ठेवली.

"घरातल्या घरात," ती म्हणाली. "माझ्याच घरात."

म्हातारीने पुढचं सांगितलं. पडवीला दोन पायऱ्या, पायऱ्यांखाली खडक. पोर रांगायला लागलेली. त्या संध्याकाळी शेजारीण धावली म्हणून बरं.

"डॉक्टरीण काय म्हणते?"

"म्हणता, अंगातला सत्व सरला. जां होता तां दुधातसून चेडवाक गेला. आता हिच्या डोळ्यांक उरूक नाय." म्हातारीने बाटली उन्हात धरली. आतलं तेल मधासारखं पिवळं झालं. "रोज सांजचे धा थेंब. अकरा नको म्हणाली. जास्त झाला तर ताच बाधता."

"पालेभाजी खा, गाजर खा," पद्माकर म्हणाला. "घरचं तूप खा. शास्त्रात तुपाला डोळ्यांचं औषधच म्हटलंय."

"शेवग्याचो पालो रोज खाता ती. डॉक्टरीण म्हणता, खा, पण त्येका वेळ लागतलो. चेडू थांबात काय तवसर? आणि तूप…" म्हातारी हसली. "आमच्याकडे म्हस नाय हो. आमच्याकडे मोरी हा."

बुवा होडीतून उतरले. ओले हात धोतराला पुसले आणि म्हातारीसमोर मांडी घालून बसले. त्यांचे डोळे लहान मुलासारखे झाले होते.

"हे तेल काढतात कसं गो भागीरथी?"

"महाराज, हे कशाला आपल्याला…"

"थांब रे. मला ठाऊक नाही. चाळीस वर्षं इथे आहे नि ठाऊक नाही."

म्हातारी खुलली. बाटलीतलं शहरात काढतात, म्हणाली, स्वच्छ करून. पण तिची आई घरीच काढायची. मोरीचं काळीज ताजं असतानाच चिरायचं, पाण्यात मंद शिजवायचं. शिजेल तसं तेल वर येतं. ते पळीने काढायचं, फडक्याने गाळायचं. पाय वाकलेल्या पोरांना चाटवायचं आणि मग उन्हात बसवायचं.

"उन्हात का?"

"म्हातारे लोक करीत. कित्याक तां ठावक नाय. पण डॉक्टरीणय ताच सांगता. म्हणता, हाडांक जां ऊन देता, ताच थोडा ह्या तेलात असता."

"अस्सं!" बुवा म्हणाले. "मोरी काय खाते?"

"बारके मासे."

"ते काय खातात?"

"त्येंच्याहून बारके."

"आणि ते?"

"शेवाळ-बिवाळ. पाण्यातला हिरवा."

"शेवाळ काय खातं?"

म्हातारी विचारात पडली. द्वारकाच म्हणाली, "ऊन खाता आसात…"

बुवांनी बाटली हातात घेऊन हलवली. बराच वेळ पाहत राहिले.

"असं म्हटलं तर जगात सगळं ऊनच आहे, महाराज," पद्माकर म्हणाला. त्याचा धीर सुटत चालला होता.

"हं… तसंही असेल."

"पूर्वी घरातलो दिवोय ह्येच्यावरच," म्हातारी सांगतच होती. "मोरयेच्या नायतर तारल्याच्या, त्या बारक्या माशाच्या तेलार. वास येय, पण जळा बरो."

"देवापुढे?" पद्माकर दचकला.

"देवाक खोबरेल. ह्या पोरांका अभ्यासाक." तिने होडीकडे हनुवटी केली. "आणि होडयेक. तारल्याचा तेल लाकडार सुकता, सालीसारख्या बसता. पाण्याक आत येवक देणा नाय. ह्या वर्षी तुमच्या होडयेक काय लावलास?"

पद्माकर होडीकडे बघू लागला.

बुवा म्हणाले, "खोबरेल."

"खोबरेल!" म्हातारीने कपाळावर हात मारला. "ता सुकता खय? मुंग्यो जेवल्यो आसतल्यो."

"जेवल्या," बुवा म्हणाले. "बुरशीही आली. फळ्या उघडल्या. रोज चाळीस करवंट्या पाणी काढतो."

"देवाच्या होडीला माशाचा वास नको, म्हणून मीच सांगितलं होतं," पद्माकर म्हणाला. त्याचा आवाज जरासा खाली आला.

"भक्तीनेच लावलंस," बुवा म्हणाले. "त्यात शंका नाही."

पोर कुरकुरली. द्वारकेने तिला पदराखाली घेतलं.

"मग काय करू, बुवानू? घेव काय नको?"

"तुला काय वाटतं?"

"माका नको वाटता." ती खाली बघून बोलत होती, पण शब्द ठाम होते. "दोन गेली माझी. एक तीन दिसांचा, एक सात म्हयन्यांचा. ह्या तिसरा. पद्माकरबुवांनी सांगल्यानी तेव्हा हिच्या नावान धरलंय. देवाक सांगलंय, मी मासो तोंडाक लावचंय नाय, तू हिका सांभाळ. आता मीच मोडलंय… आणि हिका कायतरी झाला तर?"

"आणि डोळे गेले तर?"

"माझे जातले मा? जाऊंदेत."

पद्माकरचा चेहरा उजळला. "पाहिलंत महाराज! केवढी ही निष्ठा."

बुवांनी त्याच्याकडे पाहिलं.

"तुला आनंद झाला?"

…

खाडीचं पाणी होडीला हलकेच आपटत होतं. म्हातारी सुनेच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. दहा दिवस ती सुनेला तेल घे म्हणून सांगून थकली होती.

"द्वारके," बुवा म्हणाले, "तुझी जाऊ बाळंत झाली तेव्हा तिचे सोळा सोमवार अपुरे राहिले होते. ते कुणी केले?"

"मी केलंय. पाच उरल्ले."

"मग तिचं व्रत मोडलं का?"

"मोडात कसा? मी चालवलंय मा."

द्वारकेने हळूहळू मान वर केली.

घराघरातली रीत ही. बाळंतपणात, दुखण्यात, विटाळात हातातलं व्रत दुसरीच्या हाती द्यायचं. देव थांबेल, पण व्रत रिकामं ठेवायचं नाही.

"पण माझा कोण घेतला?" ती सासूकडे बघत म्हणाली. "वाडीतल्या सगळ्या बायांचा आपापला चालूच हा. आयेचाय चालू हा. घोव समुद्रार जाता, तेका खाऊक व्हया."

"मी घेतो!"

पद्माकर पुढे झाला होता. खरोखर मनापासून. "मी घेतो महाराज. मीच सांगितलेलं व्रत आहे. कार्तिकी एकादशीपर्यंत मी चालवीन."

"मोडूचास नाय मा?" द्वारकेने काळजीने विचारलं.

"ह्यो मोडतलो कसो!" म्हातारी खदखदून हसली. "जल्मात मासो खावक नाय, तो सोडतलो काय?"

पोरगीही आजीकडे बघून हसली.

पद्माकरचे कान लाल झाले.

"काय सोडशील?" बुवांनी विचारलं. ते हसत नव्हते.

"मासे… म्हणजे…" तो थांबला. "मीठ सोडतो."

"गेल्या चातुर्मासात सोडलं होतंस. चौथ्या दिवशी आठवणही राहिली नव्हती."

"एक वेळ जेवतो."

"आत्ताही एकच वेळ जेवतोस."

"जमिनीवर निजतो."

"चटई तुला कधी आवडली होती?"

"मग मौन धरतो."

"मौन नको हां," म्हातारी म्हणाली. "मगे आमका व्रतां कोण सांगतलो?"

एरवी पद्माकर तिच्यावर रागावला असता. पण या वेळी रागावला नाही. त्याच्या कपाळाला आठी पडली होती. हे काहीतरी वेगळंच कोडं होतं. इतकं सगळं सोडलेला माणूस तो, आणि सोडायला हाताशी काहीच नव्हतं.

"द्वारके," बुवा म्हणाले, "तू मासे सोडलेस ते कसे सोडलेस गो?"

"कसे म्हणजे?"

"सांग ना. यालाही कळू दे."

तिने आठवून पाहिलं. "पयले पंधरा दिस जेवण घशाखाली उतरा नाय. रोज मासे साफ करतंय, रांधतंय, घोवाक वाढतंय. आणि मी पेज घेवन बसतंय." ती लाजली. "मगे हाताक वास उरता. तो पदरान पुसतंय, राखेन घासतंय."

"वास नको वाटतो म्हणून?"

"नाय हो. बरो वाटता म्हणान."

…

पद्माकर ऐकत होता. ऐकता ऐकता त्याची नजर स्वतःच्या हातावर गेली.

हात नाकाशी होता. उपरण्याचं टोक बोटांत घट्ट धरलेलं. त्या दोघी आल्यापासून तो तिथेच होता.

बुवा खाडीकडे बघत होते.

पद्माकरने हात खाली घेतला. उपरणं खांद्यावरून काढलं, घडी केली आणि बाजूच्या दगडावर ठेवलं.

वास आला. ओल्या जाळ्याचा, मिठाचा, दुधाचा. तो दोनदा आवंढा गिळून उभा राहिला.

"हे सोडतो," तो म्हणाला.

"आणि थेंब मोजायचे कुणी?" बुवांनी विचारलं. "हिला सांजवेळी दिसत नाही. भागीरथीचे डोळे सत्तर वर्षांचे. अकरा झाले तर बाधेल म्हणतात."

तीच वेळ पद्माकरच्या संध्येची. तीन वर्षांत एकदाही ती चुकली नव्हती.

त्याने मावळतीकडे पाहिलं.

"मी जाईन," तो म्हणाला. "रोज. वाडीत."

"देशील का गो याला?" बुवांनी द्वारकेकडे पाहिलं. "तुझं व्रत आहे. तुझ्या मनात असेल तर दे."

द्वारका पद्माकरला न्याहाळत राहिली. शेजारणीकडे लेकरू सोपवताना बघतात तशी.

मग तिने पोर सासूकडे दिली आणि उजवा हात पुढे केला. बुवांनी तांब्यातलं पाणी तिच्या तळव्यावर घातलं. तिने डोळे मिटून काहीतरी पुटपुटलं आणि ते पाणी पद्माकरच्या तळहातावर सोडलं. त्याने ते सांडू दिलं नाही.

"आता तुमचा," ती म्हणाली. "नीट सांभाळा हां."

म्हातारीने बाटलीचं बूच काढलं. पद्माकरच्या डोळ्यांतून पाणी आलं, इतका तो वास उग्र होता. तो चमच्यात थेंब मोजू लागला. एक… दोन… सातवा त्याच्या बोटावरून ओघळला, तो पुन्हा घातला. दहा.

"ओंगळ वास हा मा?" द्वारकेने विचारलं.

"हो," तो म्हणाला. "फारच."

ती पहिल्यांदाच हसली. मग तीर्थ घ्यावं तसा चमचा तोंडाला लावला.

दुसऱ्या दिवसापासून पद्माकर वाडीत जाऊ लागला. पहिल्या संध्याकाळी तो पायऱ्यांपाशी उभा राहिला. म्हातारी म्हणाली, "वर येवा. पडवी चावणा नाय." दुसऱ्या संध्याकाळी तो पडवीत बसला. तिसऱ्या संध्याकाळी पोर त्याच्या मांडीवर चढली आणि त्याच्या जानव्याशी खेळू लागली. चौथ्या संध्याकाळी जयवंत, द्वारकेचा नवरा, समुद्रावरून आला. जाळं खाली ठेवून म्हणाला, "बुवानू, मठाची होडी घेवन येवा. मी तेल लावन देतंय. खोबरेल नको, काय?"

पद्माकर म्हणाला, "आणतो."

सकाळी द्वारका पोरीला अंगणातल्या कोवळ्या उन्हात घेऊन बसे. दुपारी शेवग्याच्या पाल्याची भाजी. संध्याकाळी दहा थेंब.

पाचव्या दिवशी तिला काही फरक वाटला नाही. सहाव्या दिवशीही नाही. मठात परत जाताना पद्माकरची पावलं जड झाली. त्या रात्रीच्या नामस्मरणात त्याने तिच्यासाठी मागितलं. स्वतःखेरीज कुणासाठी मागायची त्याला सवय नव्हती. शब्द जुळायला वेळ लागला.

आठवी संध्याकाळ. दिवा अजून लावायचा होता. आभाळात नुसता राखाडी उजेड उरला होता. पद्माकर चमच्यात थेंब मोजत होता. म्हातारी आत चुलीपाशी. द्वारका तांदूळ निवडत होती, म्हणजे निवडल्यासारखं करत होती, बोटांनी चाचपून.

पोर रांगत पडवीच्या कडेला निघाली. पायऱ्यांकडे.

पद्माकरने पाहिलं. त्याच्या तोंडातून शब्द निघण्याआधीच सूप खाली पडलं.

द्वारका उठली. तीन पावलं. वाकली आणि पोरीला कमरेत अचूक धरून वर उचललं.

चाचपडली नाही. हाक मारली नाही.

पोरीला छातीशी धरून ती तशीच उभी राहिली. मग तिने पोरीचं तोंड हातांत धरून वळवलं, कपाळ पाहिलं, कान पाहिले, हनुवटीवरची पेजेची लाळ पाहिली.

"आये," ती आत ओरडली, "हिचा तोंड बरबाटला हा गो! पुसूक कोणाक झाला नाय?"

चुलीपाशी काहीतरी खणकन पडलं. म्हातारी दारात आली आणि दारातच बसली.

पद्माकरचे थेंब चुकले होते. त्याने चमच्यातलं तेल बाटलीत परत ओतलं आणि पुन्हा एकपासून मोजायला सुरुवात केली. पुन्हा चुकलं. तिसऱ्यांदा जमलं.

तो मठात पोचला तेव्हा बुवा तुळशीपाशी बसले होते.

"महाराज… पोर तिच्या हाताला लागली. पहिल्या झटक्यात."

बुवांनी डोळे मिटून दोन्ही हात जोडले.

पद्माकरही खाली बसला. हाताला तेलाचा वास येत होता. त्याने तो पुसला नाही. पण मनात एक गोष्ट घोळत होती. सबंध वाटेने घोळली होती.

"एक विचारू, महाराज?"

"विचार."

"व्रत तिचं. पाळतोय मी. तेल पाजलं मी, प्यायली ती. सांगितलं डॉक्टरीणबाईंनी, आणि वाट दाखवली तुम्ही…"

"बरं."

"मग याचं पुण्य कुणाला?"

बुवा खाडीकडे बघत राहिले. भरतीचं पाणी आत येत होतं.

…

"जा," ते म्हणाले. "माशाला विचारून ये."